तोयांगच्या बोक्यानं तोंड फिरवलं तो शुक्रवार

तोयांगला मासळी सोसत नाही. हे ऐकून बाहेरगावचा माणूस हसतो, कारण बातांगासच्या आमच्या किनाऱ्यावर तिच्यासारखी तिनापा दुसरं कोणी करत नाही. तिनापा म्हणजे धुरी दिलेली तारली. तोयांग लहान असताना बापाच्या भट्टीवरचा एक तुकडा तिनं तोंडात टाकला, तर ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या आणि आईनं तिला ओल्या चादरीत गुंडाळून रात्रभर मांडीवर घेतलं. तेव्हापासून तिच्या हातांखालून कितीतरी होड्या भरतील एवढी मासळी गेली असेल, पण पोटात एक काटाही गेला नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी आमचं सगळं सान तेल्मो गाव मटण सोडून मासळीवर ताव मारतं आणि मासळी विकणारी तोयांग मुगाची आमटी खाते.

गाव तिला मानानं आलिंग तोयांग म्हणतं. मी वयानं मोठी, म्हणून नुसतं तोयांग. मी तिच्या समोरच्या घरात राहते आणि पूर्वी शाळेत शिकवत होते, म्हणून ती मला मायेस्त्रा म्हणते.

तिची कामाची रीत मी इतकी वर्षं पाहिली आहे. पहाटे होड्यांवरून तारली आणायची, मिठाच्या पाण्यात ठेवायची, त्याच पाण्यात एक उकळी द्यायची, मग बांबूच्या चाळण्यांवर डोक्याला शेपूट लावून रांगा मांडायच्या आणि खाली नारळाची सोडणं आणि लाकडाचा भुसा धुमसत ठेवायचा. रंग डोळ्यांना कळतो, मऊपणा बोटाला कळतो, धूर नाकाला कळतो. मीठ तेवढं जिभेशिवाय कळत नाही. तिचा नवरा इस्को होता तोवर तो चाखायचा. इस्को होडीवर शूर होता, घरात नव्हता. मासळी खारट असो की अळणी, तो म्हणायचा, "छान झालीय." गिऱ्हाईक मग दुसऱ्या दिवशी येऊन खरं काय ते सांगायचं.

इस्को गेला आणि त्याच पावसाळ्यात भट्टीच्या उबेला एक काळं पिल्लू येऊन राहिलं. अंग सगळं काळं, गळ्याभोवती तेवढी पांढरी पट्टी. तोयांगनं त्याचं नाव ओबिस्पो ठेवलं, म्हणजे बिशप. आमच्या कॉन्व्हेंटातल्या मदरच्या कानावर हे गेलं असतं तर आम्हा दोघींना गुडघ्यांवर बसवलं असतं. मी तसं तिला म्हटलंही. ती म्हणाली, "बिशपांना काय, आवडेलच. एवढा तुकतुकीत आहे."

त्या पावसाळ्यात एकदा वादळामुळे बर्फाची गाडी आली नाही. तारली थोडी जास्त वेळ पडून राहिली. भट्टीतून निघाली तेव्हा सोन्यासारखी दिसत होती. तोयांगनं एक मोडून पिल्लापुढे टाकली. त्यानं हुंगली, पाठ फिरवली आणि पायानं माती ओढल्यासारखं केलं. गिऱ्हाइकं उभीच होती. तोयांगनं फावडं घेतलं आणि तो अख्खा घाणा परसातल्या माडांखाली पुरला. घामानं निथळत येऊन म्हणाली, "आजपासून ओबिस्पो पहिला. त्यानं तोंड लावलं तर विकीन, तोंड फिरवलं तर पुरीन." तेव्हापासून रोज सकाळी तिच्या टेबलापाशी माणसं थांबतात, बोका येतो, पहिली मासळी खातो आणि मगच टोपल्या पुढे सरकतात. बाजारात ही गंमत म्हणून सांगतात, पण घेताना तिच्याकडूनच घेतात.

मार्चमध्ये आमच्याकडे रेबीजची लस टोचायला नगरपालिकेची माणसं येतात. यंदा ती आली झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे पवित्र सप्ताह सुरू होतो त्या रविवारच्या, आधीच्या गुरुवारी. बास्केटबॉलच्या मैदानावरच्या छपराखाली टेबलं मांडली होती आणि गाव आपापली जनावरं घेऊन लोटलं होतं. कुत्री दोरीला होती. मांजरांचं काही विचारू नका. कोणी कपड्यांच्या टबात घालून वरून दुसरा टब बांधला होता, कोणी झुंजीच्या कोंबड्याच्या खोक्यात कोंबलं होतं. त्या खोक्यातलं मांजर कोंबड्याच्या वासानं इतकं चवताळलं होतं की खोकं आपलं आपण सरकत होतं. तोयांगनं ओबिस्पोला तांदळाच्या पोत्यात घातलं होतं, मुंडकं तेवढं बाहेर. मी माझ्या मांजरीला, तिसायला, टॉवेलात गुंडाळून नेलं होतं.

डॉक्टर रेनान तरुण, डोंगराकडच्या गावातला, हसतमुख. ओबिस्पोला पाहून त्याचे हात थांबले. "अरे वा! काय देखणा बोका आहे! केवढा गुबगुबीत! नानाय, काय चारता हो याला?" मोठ्या वयाच्या बाईला इथे नानाय, म्हणजे आई, म्हणतात.

आमच्याकडे परक्यानं दुसऱ्याच्या लेकराचं किंवा जनावराचं कौतुक केलं की पाठोपाठ 'दृष्ट न लागो' म्हणायची रीत आहे. तोयांग त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. डॉक्टरनं सुई टोचली, जागा चोळली आणि पुढच्या मांजराला हात घातला. ते शब्द काही आले नाहीत.

टोचून झाल्यावर त्यानं माइकवरून बरंच काही सांगितलं. पण शेजारच्या चॅपेलमध्ये पवित्र सप्ताहासाठी येशूच्या दुःखाचं गायन बसवणं चाललं होतं, त्यांचा कर्णा मोठा होता आणि छपराखाली मांजरं आपल्या परीनं साथ देत होती. डॉक्टरचे ओठ हलताना दिसले एवढंच. लोक घरी गेले.

दुसऱ्या दिवशीचा शुक्रवार तोयांगसाठी वर्षातला सगळ्यात मोठा. पवित्र सप्ताहाची मासळी लोक त्याच दिवशी भरून ठेवतात. शिवाय यंदा लिपा शहरातून मिसिस मारासिगान येणार होत्या. त्यांचं मोठं दुकान आहे, आणि आवडली तर यापुढे दर आठवड्याला माल उचलीन असं त्यांनी कळवलं होतं. तोयांगनं दोन्ही भट्ट्या पेटवल्या होत्या.

सकाळी मी गेले तेव्हा गर्दी होती. टेबलावर तारल्यांच्या रांगा चकाकत होत्या. मारासिगानबाईंची जीप नुकतीच येऊन उभी राहिली होती. तोयांगनं पहिली मासळी मोडली, बशीत ठेवली आणि हाक मारली, "ओबिस्पो!"

बोका आला, पण उशिरा. बशीपाशी बसला, हुंगल्यासारखं केलं, डोळे अर्धे मिटले आणि तोंड फिरवलं.

"खा रे राजा," तोयांग म्हणाली.

त्यानं टेबलाखाली जाऊन अंग गोळा केलं. तोयांगनं दुसऱ्या चाळणीतली मासळी मोडून त्याच्या नाकाशी धरली. त्यानं नाक पंजाखाली लपवलं.

पलीकडच्या टेबलावर सेपा बसते, तीही तिनापाच विकते. ती मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई! बिशपसाहेबांचा आज उपास दिसतोय!"

"उपास मटणाचा असतो सेपा, मासळीचा नाही," मी म्हटलं.

"मग ते मासळीलाच विचारा, मायेस्त्रा. तिच्यात काय आहे ते तिलाच ठाऊक."

कोणी हसलं नाही. दोन बायकांनी टोपल्या काखेत मारल्या आणि नजर चुकवून सेपाच्या टेबलाकडे सरकल्या. मारासिगानबाई जीपमधून उतरून पुढे आल्या. उंच, शांत बाई. म्हणाल्या, "आलिंग, तुमचं मांजर खोटं बोलत नाही असं लोक सांगतात. म्हणून तर मी एवढ्या लांब आले."

तोयांगचा चेहरा राखेसारखा झाला. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मायेस्त्रा, वास घ्या."

मी घेतला. "मला तर चांगली वाटतेय गं."

"तुम्हाला वाटून काय उपयोग? इस्कोलाही चांगलीच वाटायची." आणि ती फावडं आणायला वळली.

मी टेबलाखाली वाकून पाहिलं. बोका जागा बदलत होता आणि मागचा उजवा पाय टेकत नव्हता. तेव्हा मला घरचं आठवलं. "तोयांग, थांब. हा लंगडतोय. माझी तिसायसुद्धा सकाळपासून शिवणयंत्रामागे बसून आहे. दुधालाही उठली नाही."

तोयांग फावड्यासकट थबकली. "तिला पण त्याच डॉक्टरनं टोचलं?"

"त्यानंच."

"काही गोड बोलला?"

"'डोळे किती सुंदर' म्हणाला."

"आणि 'दृष्ट न लागो' म्हणाला?"

"ते काही ऐकलं नाही."

"झालं! तरी मी म्हणतेय!" तिनं फावडं आपटलं. "बघितलंत? सरळ सरळ उसोग आहे. डॉक्टरची दृष्ट लागली दोघांना! मायेस्त्रा, टेबलाशी उभ्या राहा. कुणाला हात लावू देऊ नका." आणि एप्रनसकट ती रस्त्याला लागली.

उसोग लागला की उपाय एकच. ज्याची दृष्ट लागली त्यानंच आपली थुंकी आजाऱ्याच्या पोटाला लावायची. डॉक्टर त्या दिवशी मागच्या वाडीत टोचत होता. थोड्या वेळानं तोयांग त्याला मनगटाला धरून घेऊन आली. त्याच्या दुसऱ्या हातात लशीची बर्फपेटी तशीच लोंबत होती.

"लावा थुंकी," तोयांग म्हणाली.

"नानाय, आधी बघू तरी द्या."

तो जमिनीवर बसला. बोक्याचा चेहरा चाचपला, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, पोटाच्या हालचालीकडे बघत राहिला. "ओकला का?"

"नाही."

"तोंड सुजलं नाही, हिरड्या गुलाबी आहेत, श्वास छान चाललाय. अंग किंचित गरम आहे. नानाय, याला काही झालेलं नाही. लस टोचली की पुष्कळ मांजरं असंच करतात. अंग कसकसतं, टोचलेला पाय दुखतो, झोप येते, खावंसं वाटत नाही, कोपऱ्यात जाऊन बसावंसं वाटतं. तुम्हाला लहानपणी टोचलं होतं तेव्हा काय झालं होतं?"

"मी शाळेला दांडी मारली होती," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"मग यानंही मारलीय. काल मी माइकवरून हेच सांगत होतो."

"येशूच्या दुःखाचं गाणं चाललं होतं तेव्हा?" तोयांग म्हणाली. "तेव्हा देवाचं ऐकायचं की तुमचं, बाळा?"

सेपानं तोंडाला पदरासारखा हातरुमाल लावला. "काल डॉक्टर होता, आज वकील झाला! मांजराला मासळी आवडली नाही, तर म्हणे सुईचा दोष!"

तेव्हा मारासिगानबाई सेपाच्या टेबलापाशी गेल्या आणि खाली वाकल्या. सेपाची तोकड्या शेपटीची मांजरी टेबलाखाली गोणपाटावर झोपली होती. तिच्या नाकासमोर तारलीचं अख्खं डोकं पडलेलं होतं, माश्या घोंघावत होत्या.

"आणि हिनं का नाही खाल्लं?" बाईंनी विचारलं.

"ती... तिला कालपासून बरं नाही," सेपा म्हणाली.

मग जो हशा उसळला तो चॅपेलपर्यंत ऐकू गेला असेल. आणि प्रत्येकाला आपापलं आठवायला लागलं. एकीचं मांजर पलंगाखालून निघालंच नव्हतं, एकाचं तांदळाच्या पिंपामागे होतं, कोंबड्याच्या खोक्यातलं तर परत त्याच खोक्यात जाऊन झोपलं होतं. सेपाकडे सरकलेल्या दोन बायका हळूच पुन्हा इकडे सरकल्या.

"मग बांधायला घ्या, आलिंग," मारासिगानबाई म्हणाल्या.

तोयांगनं मान हलवली. "नाही, बाई."

"आता काय झालं?"

"मी सगळ्यांसमोर सांगितलंय, त्यानं तोंड लावलं तर विकीन. सुई टोचली असेल तर चालेल, असं सांगितलं नव्हतं. आज विकणार नाही."

"मग पुरणार?"

"पुरणारही नाही. त्याला बरं वाटू दे. उठेल, खाईल, मग बोलू."

"आणि बरं वाटूनही नाही खाल्लं तर?"

"फावडं कुठे पळून जात नाही."

बाई जीपकडे वळल्या. "उद्या याच वेळेला येते. त्यानं खाल्लं तर सगळा घाणा माझा. त्याहून जास्त नाही थांबता येणार, मला रविवारच्या आत दुकान भरायचंय."

धुरी दिलेली मासळी एका दिवसानं बिघडत नाही. पण वर्षाची कमाई मांजराच्या भुकेवर टांगून ठेवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. डॉक्टर उठायला लागला तशी तोयांगनं त्याला पुन्हा खाली बसवलं. "थुंकी राहिली."

"नानाय, दृष्ट नाही हो ही."

"नसेल. लावून तुमचं काय जातंय?"

तो हसला. "काही नाही. माझी आजीसुद्धा गावाला गेलो की दारातच कपाळाला लावायची." त्यानं अंगठा जिभेला लावला आणि बोक्याच्या पोटावर टेकवला. डोळे न उघडता ओबिस्पोनं त्याच्या हातावर नखांच्या तीन रेघा ओढल्या.

"एवढा जोर आहे, म्हणजे काळजी नाही," डॉक्टर हात साबणानं खसखसून धूत म्हणाला. "त्याला शांत जागी राहू द्या. पाणी जवळ ठेवा. खायला लावू नका, पाय चोळू नका. चेहरा सुजला, सारखा ओकायला लागला किंवा धाप लागली तर तसंच मला बोलवा, वाट बघायची नाही. नाहीतर एक दिवस, फार तर दोन. आणि एवढी खारट मासळी रोज देत जाऊ नका हो."

"त्याची नोकरीच ती आहे," तोयांग म्हणाली.

दुपारी ओबिस्पो तोयांगच्या पलंगाखाली होता आणि मी दारात खुर्ची टाकून बसले होते, कारण अर्धं गाव समाचाराला येत होतं. कोणी सुकी कोळंबी आणली, कोणी कोंबडीचं काळीज उकडून आणलं. अंग चोळून देणारी म्हातारी नारळाचं तेल घेऊन आली आणि म्हणाली, पायाची शीर वळलीय, दोन हातांत मोकळी करते. तिला मी मोठ्या मुश्किलीनं परत पाठवलं. जाताना माझाच खांदा चोळून गेली, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

तोयांगचं कशातच लक्ष लागत नव्हतं. चाळणी उचलायची, ठेवायची, वाकून पलंगाखाली बघायची.

"श्वास घेतोय ना, मायेस्त्रा?"

"घेतोय."

"नीट बघा."

"तोयांग, तुझ्यापेक्षा निवांत घेतोय."

ती पलंगाच्या कडेवर बसली. मग म्हणाली, "पुरायला लागलं तर पुरीन हो. पूर्वी पुरलंच होतं. पण हा असाच पडून राहिला, तर सकाळी उठून भट्टी कुणासाठी पेटवू?" मी शेजारी जाऊन बसले. तिचा हात हातात घेतला. त्या हाताचा धुराचा वास कधीच जात नाही.

दिवे लागायच्या सुमाराला पलंगाखालून काळं डोकं बाहेर आलं. ओबिस्पोनं भांड्यातलं पाणी लपालपा प्यायलं, लंगडत राखेच्या ढिगापर्यंत गेला, आपलं काम उरकलं, वर राख ओढली आणि पुन्हा आत गेला. तोयांगनं आपल्या कपाळाला, छातीला आणि दोन्ही खांद्यांना हात लावून क्रूसाची खूण केली. त्या राखेच्या ढिगाकडे इतक्या कृतज्ञतेनं कोणी पाहिलेलं मला आठवत नाही.

शनिवारी सकाळी मी माझ्या तिसायला शिवणयंत्रावर चढून पडद्याशी भांडताना पाहिलं आणि धावतच पलीकडे गेले. टेबलाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर रेनानही आला होता, हाताला पट्टी बांधून. मारासिगानबाई जीपला टेकून उभ्या होत्या. तोयांगनं कालच्याच घाण्यातली तारली मोडली आणि बशीत ठेवली. हाक मारायची तिनं मला खूण केली. मीच मारली.

ओबिस्पो आला. पाय जेमतेम लंगडत होता. तो बशीपाशी आला, हुंगलं आणि बशीला वळसा घालून पुढे गेला.

"गेलं," कोणीतरी पुटपुटलं.

उन्हाच्या पट्ट्यात जाऊन त्यानं पुढचे पाय ताणले, मग मागचे, मग दुखरा पाय वेगळा ताणला. बसला. पंजा चाटून डावा कान धुतला. उजवा धुतला. गळ्याची पांढरी पट्टी धुतली. तोयांगनं टेबलाची कड घट्ट धरली होती.

मग तो उठला, वळला आणि बशीवर तुटून पडला. डोकं, पाठ, शेपूट, सगळं काटाकाटा फोडून खाल्लं. बशी चाटली. आणि जे त्यानं कधीही केलं नव्हतं ते केलं. टेबलावर उडी मारली, रांगेतली सगळ्यात जाड तारली तोंडात धरली आणि माणसांच्या पायांमधून पसार झाला.

"चोर!" तोयांग ओरडली, आणि ओरडता ओरडता रडायला लागली, आणि रडता रडता हसायला.

"बांधा आता," मारासिगानबाई म्हणाल्या. "आणि ईस्टरनंतरच्या शुक्रवारचंही सांगून ठेवते."

"थुंकीचा गुण!" अंग चोळणारी म्हातारी म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टर आपल्या हातावरच्या पट्टीकडे बघून हसला. तोयांगनं त्याच्या हातात केळीच्या पानात बांधलेल्या तारल्या कोंबल्या.

आम्ही टोपल्या जीपमध्ये चढवत होतो तेवढ्यात पलीकडून सेपाचा आवाज आला, "तोयांग! अगं, माझीनं पण खाल्लं! दोन खाल्ल्या!"

तोयांगनं डोळे पुसले, दोरीला गाठ मारली आणि मान न वळवता म्हणाली, "बरं झालं हो. म्हणजे आजची तुझी मासळी चांगली आहे. कालची तेवढी पुरून टाक. फावडं माझ्याकडे आहे, घेऊन जा."